सौम्य पार्बताबाई, तीव्र दीपमाला

पार्बताबाईला झाकलेली वस्तू दिसली की तिचा हात तिकडं गेलाच म्हणून समजा. लग्न होऊन चांदूर बाजार तालुक्यातल्या ह्या गावात ती नवी नवी आली, तेव्हा अंगावरची हळद उतरायच्या आत तिनं सासऱ्याचा रेडिओ उघडून पाहिला होता. परत जोडूनही दिला. फक्त त्यानंतर बातम्या सांगणारी बाई जरा नाकातून बोलायला लागली. पुढं कधीतरी संत्र्याच्या बगिच्यात बोअर मारायला गाडी आली. घरच्या बाकीच्या बाया नारळ फोडून घरी गेल्या आणि ही मशीनवाल्याच्या बाजूला उन्हात उभी. जमिनीतून वर येणाऱ्या चिखलाचे तिनं वेगवेगळे ढीग घातले. काळ्या मातीचा वेगळा, पिवळ्या मुरमाचा वेगळा, खडकाच्या भुकटीचा वेगळा.

"पानी लागो नाई तं न लागो," ती नवऱ्याला म्हणाली, "आपून कशावर राहून राहिलो थे तं समजलं."

नवरा पंजाबराव कमी बोलणारा. बायको प्रश्न विचारते आहे म्हणजे तिची तब्येत ठीक आहे, एवढाच त्याचा हिशेब. सासू गंगूबाई मात्र आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या मोठ्या सुनेले देवानं जिभेच्या जागी 'काहून? काहून?' लावून देल्लं."

आता पार्बताबाई पन्नाशीकडं झुकली होती. पोरीचं लग्न झालेलं, पोरगा पुण्याला. मागच्या दोन-तीन वर्षांपासून तिची कंबर धरायची. अंगावरून पांढरं जायचं. खाली बसून संत्री निवडली की उठताना तोंडातून "माय व" निघायचंच. तिची धाकटी जाऊ दीपमाला, दीर किशोरची बायको, मूर्तिजापूरकडची. वय पस्तिशीच्या आसपास. तिला काहीच व्हायचं नाही. संत्र्यांनी गच्च भरलेला कॅरेट ती एकटी उचलायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रॅक्टरपर्यंत चालत जाताना मागं वळून किशोरला टोमणाही मारायची.

गावातल्या उपकेंद्रात बायांची तपासणी ठेवली होती. गर्भपिशवीच्या तोंडाची. आशाताई अपेक्षा घरोघर फिरून सांगत होती आणि बाया घरोघर दारं लोटून घेत होत्या. पार्बताबाईनं एकच विचारलं, "आत काय दिसते, थे आमाले बी दाखोतात काय?"

"दाखवत नाहीत मावशी, पण सांगतात."

"तं चालली मी. दीपमाला, चाल व."

"मले काय झालं?"

"तुले काई नाई झालं. मले सोबत पायजे."

तिथं नर्सबाईनं कापसाचा बोळा कशात तरी बुडवला आणि पार्बताबाईला वास आला. तशा अवस्थेत, पाय वर घेऊन पडलेली असताना, ती म्हणाली, "बाई, हा तं सिरक्याचा वास हाय. लोनच्यात टाकते थो."

"तसंच समजा. पातळ केलेलं असतं. चांगल्या जागेला लावलं की काही होत नाही. बिघडलेली जागा पांढरी पडते."

"मंग माही पडली काय?"

"थोडीशी," नर्सबाई म्हणाली.

दीपमालाच्या वेळी मात्र नर्सबाईनं परत वाकून पाहिलं. तिनं डॉक्टरला बोलावलं. दोघींनाही अमरावतीच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. तिथं डॉक्टरीणबाईनं दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिलं, चिमट्यानं तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला आणि तो बाटलीत टाकला. रिपोर्ट आले की आशाताईकडून निरोप देऊ, असं सांगून घरी पाठवलं.

आता आमच्या ह्या भागातली एक रीत सांगावी लागते, नाही तर पुढचं समजणार नाही. गावातल्या बाया पिशवी काढायला जोडीनं जातात. कंबर दुखली, पांढरं गेलं, पाळी जास्त झाली की तालुक्याच्या गावचा कोणीतरी खाजगी डॉक्टर सांगतो, "पोरंबाळं झालीत ना, मग काढून टाका, कटकट मिटली." आणि बाई एकटी जात नाही, जोडीदारीण शोधते. दोघींच्या खाटा बाजूबाजूला लागल्या म्हणजे एकाच घरची बाई दोघींजवळ बसू शकते, एकाच डब्यात दोघींचं भागतं, आणि टाके दुखले तर हसायला कोणी असतं. गल्लीत पाहिलं तर अशा जोड्याच जोड्या. यातल्या काही जणींना खरीच गरज होती. काहींना होती की नव्हती, ते कोणी विचारलंच नाही. शेजारच्या सहदेवची बायको चंदा जोडीदारीण शोधून राहिली होती आणि तिचा डोळा पार्बताबाईवर होता.

"वैनी, तुमची कंबर तं जातच नाई. सोमवारी मी जाऊन राहिली. आपली जोडी जमते."

पार्बताबाईचं मन अर्धं तिकडं झुकलं होतं. कंबर खरीच दुखत होती.

अशात अपेक्षा रिपोर्ट घेऊन आली. घरचे सगळे ओट्यावरच होते. तिनं वाचून सांगितलं की पार्बताबाईच्या रिपोर्टात माइल्ड डिस्प्लेसिया आहे, म्हणजे सौम्य बिघाड. दीपमालाच्या रिपोर्टात सिव्हिअर आहे, म्हणजे तीव्र. दोघींनाही कॅन्सर नाही, पण दीपमालाला लवकर बोलावलं आहे.

मग गंगूबाई हसली.

"अव, हे उलटं झालं! जी दिवसभर माय व, माय व करते तिले थोडं, अन जी कॅरेट उचलते तिले लय?"

"बाटल्या बदलल्या," किशोर म्हणाला. "दोघींचं आडनाव एक, गाव एक, घर एक. एकाच दिवशी गेल्या. तठी कोन पाह्यते? हा तीव्रवाला वैनीचा हाय."

"दादा, बाटलीवर नंबर असतो," अपेक्षा म्हणाली.

"नंबर बी मानसंच टाकते ना?"

दीपमालानं दोन्ही कागदांकडं पाहिलं, मग पार्बताबाईकडं, आणि म्हणाली, "बाई, तुमी फिकर नका करू. मी हाय ना, तुमचा डबा मी आनत जाईन." आणि पाणी भरायला निघून गेली.

तिथल्या तिथं ठरलं. सोमवारी चंदासोबत पार्बताबाईची पिशवी काढायची. खाजगी डॉक्टरला तीव्र म्हणून लिहिलेला कागद दाखवायचा, म्हणजे तो लगेच घेईल. दीपमालाला काही झालं नाही, तेव्हा तिला कुठं न्यायचं कामच नाही. सगळ्यांना सोयीचं होतं ते. खरं सांगायचं तर पार्बताबाईलाही बरं वाटलं. इतकी वर्षं कंबर कंबर म्हणून सगळे हसत होते. आता त्या कंबरेला एक मोठं, इंग्रजी नाव मिळालं होतं.

पण एक प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. सौम्य म्हणजे काय सौम्य? तीव्र म्हणजे काय तीव्र? ते मोजतात कशानं? ताप मोजायला काचेची नळी असते, रक्तदाब मोजायला पट्टा असतो. ह्या तांदळाएवढ्या तुकड्यात कोणी काय मोजलं?

तिनं अपेक्षाला वाटेत गाठलं. अपेक्षा खोटं बोलणारी पोरगी नव्हती. "मावशी, मलाही पूर्ण नाही समजत. प्रशिक्षणात एवढं सांगितलं की ते दुखण्यावरून नसतं. त्या मॅडमलाच विचारा."

दुसऱ्या दिवशी बगिच्यात किशोर डिंक्याच्या मागं लागला होता. संत्र्याच्या झाडाला हा रोग होतो. खोडावर डिंक फुटतो, खालची साल सडते. चाकूनं सडलेली साल खरडायची आणि त्यावर मोरचुद-चुन्याचं बोर्डो मलम लावायचं, हा उपाय. पार्बताबाई मलमाचं डबडं घेऊन मागं मागं चालली होती. एका झाडाच्या खोडावरून डिंक मेणबत्तीसारखा ओघळलेला. किशोरनं दोन हात खरडलं, मलम फासलं आणि पुढं गेला. पुढचं झाड हिरवंगार, फळानं वाकलेलं. त्याच्यापाशी तो गुडघ्यावर बसला आणि बुडाची माती उकरायला लागला. लवकर उठेचना.

"अरे, त्याले काय झालं?" पार्बताबाईनं विचारलं. "ज्याच्यातून डिंक वाहून राहिला त्याले दोन मिनिटं, अन ह्याले इतका वेळ?"

"वैनी, थे झाड बोंबलते. म्हनून लवकर समजते. वरची साल गेली असते, खरडली का झालं. हे बोंबलत नाई." त्यानं मातीखालची साल नखानं दाबली. "मांगच्या साली ह्याच्या बाजूचं असंच हिरवं होतं. फळ तं एवढं का टेकू लावा लागले. अन उन्हायात उभं वायलं. उकरून पाह्यलं तं बुडाची साल चारीकडून गेलती."

पार्बताबाई डबडं खाली ठेवून त्याच्याकडं पाहत राहिली.

"मंग किशोर, दीपमाला?"

"काय दीपमाला?"

"थे बी बोंबलत नाई."

किशोरचा हात थांबला. मग तो चिडला. "वैनी, झाडाचं झाडाजवळ ठेवा. बाई काय संत्र्याचं झाड हाय?"

"नाई ना. म्हनूनच म्हनतो, झाडाचं तुले इचारलं, बाईचं कोनाले तरी इचारा लागन ना? का थे बी तुलेच समजते?"

किशोर उठून पुढच्या झाडाकडं गेला.

दीपमाला सरळ सांगून येणार नाही, हे पार्बताबाईला माहीत होतं. नसलेलं दुखणं घेऊन दवाखान्यात जाणं म्हणजे तिच्या मते कामचोरी. म्हणून पार्बताबाईनं संध्याकाळी स्वयंपाक करताना कंबर धरली आणि जरा जोरातच धरली. "सोमवारच्या आंदी एक खेप अमरावतीच्या मॅडमले इचारून येतो. सोबत पायजे व. चक्कर आली तं?"

"माह्यावाली कामं कोन करन?"

"आत्याबाई करतीन."

"मी?" चुलीजवळून गंगूबाई म्हणाली. "माहे गुडघे काय उसने देल्ले काय कोनाले?"

पण सकाळच्या एसटीत दोघी बसल्या. दीपमालानं दोघींच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. खिडकीजवळची जागा तिनं पार्बताबाईला दिली, कारण बिमार ती होती.

तुकडा काढणाऱ्या डॉक्टर गीतांजली मॅडम मूळच्या अकोल्याच्या. त्यांना वऱ्हाडी सगळं समजायचं, बोलायच्या मात्र पुस्तकातलं. पार्बताबाई खुर्चीवर बसली आणि कंबर विसरली.

"मॅडम, मले एक सांगा. सौम्य अन तीव्र हे मोजता कशानं?"

मॅडमनी आधी तिच्याकडं नीट पाहिलं. बाहेर रांग होती. तरी त्यांनी पेन बाजूला ठेवला.

"पिशवीच्या तोंडावर आतून एक आवरण असतं, गालाच्या आत असतं तसं. ते थरांचं असतं. सगळ्यात खालच्या थरात नवीन पेशी जन्मतात. त्या हळूहळू वर सरकतात, पिकतात, चपट्या होतात आणि शेवटी झडून जातात."

"पेशी म्हंजे?"

"डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक कण. ज्यानं सगळं अंग बनलं." मॅडमनी टेबलावर हात कडेवर उभा धरला, तीन बोटं एकावर एक रचल्यासारखी. "ही तीन बोटं म्हणजे त्या आवरणाची जाडी. आता समजा खालच्या पेशी बिघडल्या. वेड्यावाकड्या झाल्या, पिकायच्या ऐवजी नुसत्याच वाढत सुटल्या. बिघाड खालच्या एकाच बोटात असेल, तर त्याला माइल्ड म्हणायचं. दोन बोटांपर्यंत चढला, तर मध्यम. तिन्ही बोटं, खालपासून वरपर्यंत, तर सिव्हिअर. तुकडा पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हे दिसतं. किती दुखतं ह्याच्याशी काही संबंध नाही. त्या जागी दुखतच नाही."

पार्बताबाईनं आपली तीन बोटं टेबलावर तशीच ठेवली. संत्र्याच्या सालीनं पिवळी पडलेली बोटं. "हे एक माहं." मग दुसरं, तिसरं. "हे तिन्ही दीपमालाचे. अन कॅन्सर कोठी हाय?"

मॅडमनी टेबलावरचं कापड चिमटीत धरलं. "बोटांच्या खाली हे कापड आहे ना, तसा एक पातळ पडदा असतो. तिन्ही बोटं बिघडली तरी जोवर पडदा शाबूत आहे, तोवर कॅन्सर नाही. पडदा फाडून बिघाड खाली उतरला, तर तो कॅन्सर."

"म्हंजे बिमारी वर चढते, अन धोका खाली उतरून येते."

"असं म्हणा."

"हे होते कशानं?"

"एक विषाणू असतो. नवराबायकोच्या संबंधातून येतो. बहुतेक बायांना आयुष्यात कधी ना कधी येतो आणि आपोआप जातो, पत्ताही लागत नाही. काही जणींच्यात मुक्काम करतो. कधी आला, कोणाकडून आला, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून घरी जाऊन भांडायचं नाही."

"बहुतेक बायांले म्हंजे तुमाले बी?"

बाजूला उभी असलेली नर्स दचकली. मॅडम हसल्या. "मलाही येऊन गेला असेल. मी माझी तपासणी करून घेते."

"अन माह्यावालं एक बोट?"

"ते बहुतेकदा आपोआप जातं. अंगच त्याला हुसकून लावतं. वर्षानं परत बघू. पिशवी काढायची काही गरज नाही. तुमचं पांढरं जाणं आणि कंबर वेगळ्या कारणानं आहे. गोळ्या देते, आणि वजन उचलायची पद्धत सांगते."

पार्बताबाईच्या तोंडावर आलं होतं की सोमवारी पिशवी काढायला जायचं ठरलं आहे. ते तिनं गिळलं. "अन तिन्ही बोटं?"

"ते सोडून चालत नाही. प्रत्येकीला कॅन्सर होतोच असं नाही, पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. तेवढी जागा काढून टाकायची. पिशवी नाही, फक्त तोंडावरचा तेवढा भाग."

"घरचे म्हनते, बाटल्या बदलल्या."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. मी बी थोडी म्हनत होती."

मॅडम उठल्या. "दीपमाला कुठं आहे?"

"बाहीर. डबा घेऊन बसली. तिले मी माही सोबत म्हनून आनलं, खरं सांगतलं नाई."

दीपमालाला आत बोलावलं तेव्हा तिनं आधी पार्बताबाईला खाऊ की गिळू असं पाहिलं. "बाई, तुमी मले फसोलं!"

"फसोलं. आता झालं. मॅडम म्हनते, दोघींचं परत सिरका लावून पाहू. ह्या खेपी टीव्हीसारख्या पडद्यावर दिसन."

"कोनाले दिसन?"

"आपल्याले."

"तुमी माह्यावालं पाह्यन?"

"तुह्यी दोन बाळंतपनं म्या केली व. पोट्टी काय खिडकीतून आलती?"

नर्सनं तोंड फिरवलं. खाटेभोवतीचं कापड ओढलं गेलं. आधी पार्बताबाई झोपली आणि मान वाकडी करून यंत्राच्या पडद्याकडं पाहत राहिली. पडद्यावर गुलाबी, ओलसर, गोल असं काहीतरी. "हे मी हाय?" असं तिनं दोनदा विचारलं. सिरका लावला, थोडा वेळ गेला, आणि गुलाबीवर एका कडेला फिकट धुकं आलं. कडा नाही, रेघ नाही. जणू काचेवर कोणी हलका श्वास टाकला. मॅडमनी बोटानं दाखवलं. "हे तुमचं."

मग दीपमाला झोपली. डोळे घट्ट मिटून. पार्बताबाई डोक्याजवळ उभी. सिरका लावला. ह्या वेळी थांबावंही लागलं नाही. गुलाबीवर पांढरं चढलं, घट्ट, जाड, चुना फासलेल्या भिंतीसारखं, कडा अशी ठळक की तिच्यावरून बोट फिरवावं. सगळं तोंड घेरून.

पार्बताबाईला काही विचारायचं सुचलं नाही, अशी ही पहिलीच वेळ असावी.

"बाई," दीपमाला मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "काहून गप झाल्या?"

"डोये उघड. पाह्य."

दीपमालानं डोळे उघडले. खूप वेळ पाहिलं. मग मॅडमला म्हणाली, "हे दुखत काहून नाई?"

"तिथं दुखायची सोयच नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर तपासावं लागतं."

बाहेर बाकावर दोघी बसल्या. भाकरी सोडली, पण खाल्ली नाही. दीपमालानं फोन काढला आणि किशोरला लावला. पार्बताबाईला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

"ऐका. माह्यावालं ऑपरेशन हाय, लहान. पुढच्या हप्त्यात. पिसवी नाई काढत, थोडंसंच."

पलीकडून किशोर काय म्हणाला ते पार्बताबाईला पुसट ऐकू आलं, बाटल्या, रिपोर्ट, संत्र्याचा तोडा सुरू व्हायचा आहे, अकोल्याला दुसऱ्याला दाखवू.

"तुमी पाह्यलं नाई," दीपमाला म्हणाली. "म्या पाह्यलं. अकोल्याले बी दाखोवा, नागपुराले बी दाखोवा, पन मी पुढच्या हप्त्यात इथंच येतो. तुमाले यायचं तं या, नाई तं बाई येतीन."

आणि फोन ठेवून भाकरीचा घास मोडला.

घरी दोन दिवस कुरबूर झाली. गंगूबाई म्हणाली, ह्या दोघींनी दवाखान्यात काय पाहिलं देव जाणे, घरी आल्यापासून बोटं मोजतात. पार्बताबाईनं खरंच ओट्यावर बसून सासूसमोर तीन बोटं रचली होती. गंगूबाईनं पाहून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या वेळी हे बोटं कोनाले मोजता येत नोयते, म्हनून बाया पटकन गेल्या. माही मोठी बहीन अशीच गेली. रक्त जाये, अन आमी म्हनो वय झालं." त्यानंतर तिनं ह्या बाबतीत तोंड घातलं नाही.

सोमवार आला. पार्बताबाईनं चंदाला सांगितलं की तिचं नाही जमत. तू पण आधी अमरावतीला दाखवून ये, असंही सांगितलं. चंदाला राग आला. जोडी मोडणारी बाई गल्लीत चांगली समजली जात नाही. सहदेवनं येऊन पंजाबरावाला बोल लावला. पंजाबरावानं नेहमीसारखं ऐकून घेतलं. चंदा दुसऱ्या एका बाईसोबत गेली आणि पिशवी काढून आली. तिची गरज होती का नव्हती, हे पार्बताबाईला शेवटपर्यंत समजलं नाही. चंदा तिच्याशी पोळ्यापर्यंत बोलली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी किशोर आला. दाराबाहेर बसून त्यानं पेपर उलटा धरून वाचला. आत दीपमालाला सुई देऊन जागा बधिर केली आणि बारीक तारेच्या कडीनं, वीज सोडून, तेवढा भाग काढला. ती जागीच होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "जळल्यासारखा वास आला. बाकी काई नाई." पार्बताबाईनं आत जाऊन मॅडमकडं हट्ट धरला आणि बाटलीतला तुकडा पाहून घेतला. रानातल्या बोराएवढा. इतक्याशासाठी घरात एवढा गोंधळ, असं तिला वाटलं, आणि मग इतकंसंच होतं म्हणून बरं, असंही वाटलं.

मॅडमनी बजावलं होतं की काही आठवडे वजन उचलायचं नाही आणि नवऱ्यापासून दूर राहायचं. पहिली गोष्ट दीपमालाला जड गेली, दुसरी किशोरला. तोडा सुरू झाला होता. कॅरेट किशोर उचलू लागला आणि दीपमाला सावलीत बसून संत्री निवडता निवडता म्हणू लागली, "पाय सरळ टाका जी. तुमच्यापरीस बाईमानूस बरं, सरळ चालते तरी."

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट यायच्या दिवशी घरचे सगळे ओट्यावरच बसले होते. अपेक्षा सायकल लावून आली आणि ओट्यावर चढायच्या आधीच म्हणाली, "कडा साफ आहेत. सगळा बिघाड त्या तुकड्यात आला. खाली उतरलेला नाही."

"पडदा?" पार्बताबाईनं विचारलं.

"पडदा शाबूत."

किशोर उठून बगिच्यात गेला. जाताना पार्बताबाईजवळ थांबला, काहीतरी म्हणायचं होतं त्याला, पण त्याला तेवढंच जमलं, "वैनी, डिंक्याचं मलम कोठी ठेवलं?" पार्बताबाईनं जागा सांगितली.

वर्षानं दोघी परत अमरावतीला गेल्या. ह्या वेळी कोणी कोणाला फसवलं नाही. आधी दीपमाला. पडद्यावर सगळं गुलाबी, मधे जुन्या जखमेची गुळगुळीत खूण. तपासणीचा कागदही साफ आला. मॅडम म्हणाल्या, "छान. तरी येत राहायचं." मग पार्बताबाई. सिरका लावला, थोडा वेळ गेला, आणि तेच धुकं परत आलं.

"जायला पाहिजे होतं," मॅडम म्हणाल्या. "बहुतेकींचं जातं. तुमचं गेलं नाही, पण वाढलंही नाही. अजून एकच बोट दिसतं. आणखी थोडा वेळ देऊ, वर्षानं बघू."

"घ्या!" बाजूला उभी दीपमाला म्हणाली. "तीन बोटंवाली मोकयी झाली, अन एक बोटवाली अटकली."

पार्बताबाईला भीती वाटली की नाही हे सांगता येत नाही. ती मान वाकडी करून पडद्याकडं पाहत होती. "मॅडम, मांगच्या सालचा फोटू हाय ना तुमच्याजवळ? दोन्ही बाजूबाजूले लावून दाखोवा."

मॅडमनी दोन्ही फोटो लावले. पार्बताबाई बराच वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं पाहत राहिली.

"हे पांढरं पाह्या. मांगच्या साली अठीपर्यंत होतं, आता जरासं आत आलं. सरकलं थे."

"कुठं?" मॅडम खुर्ची ओढून जवळ आल्या.

"हे काय, अठी."

"बाई, एसटी सुटन!" दीपमाला दारातून ओरडली.

"सुटू दे व," पार्बताबाई म्हणाली, "दुसरी लागन," आणि मॅडमचं बोट धरून तिनं पडद्यावर ती जागा दाखवली.